आधी 'स्वामी' की आधी 'पानिपत'?

पेशवाईवरची एकच कादंबरी घ्यायची असेल, तर बेळगावजवळच्या कडोली-उचगावच्या साहित्य संमेलनांतल्या पुस्तकांच्या टेबलावर हात दोन ठिकाणी अडतो: रणजित देसाईंची 'स्वामी' (१९६२) आणि विश्वास पाटलांची 'पानिपत' (१९८८). इतिहासाच्या क्रमाने पानिपतची लढाई आधी, म्हणून बरेच जण तेच आधी वाचायला सांगतात. मला ते तितकंसं पटत नाही.

'पानिपत'ची ताकद रसदीच्या गोष्टीत आहे. अब्दाली बागपतला यमुना ओलांडून मराठ्यांच्या आणि दिल्लीच्या मधे येऊन बसला. डिसेंबर १७६० मध्ये मराठ्यांना रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, धान्य आटलं, बाजारबुणग्यांसकट तळ उपाशी पडला. १४ जानेवारीच्या आधीच लढाई पोटावर हरत चालली होती, हे वाचताना अंगावर येतं. मराठी फौजेचे सेनापती सदाशिवरावभाऊ, त्यांनाही इथे न्याय मिळतो.

पण माणसांची गर्दी फार. दत्ताजी, जनकोजी, मल्हारराव, इब्राहिमखान, शुजा, नजीब... रोज दहा-पंधरा पानं वाचणाऱ्याचा चार दिवस खंड पडला, की कोण कुणाकडचा हे मागे जाऊन शोधावं लागतं. कन्नड माध्यमात शिकलेल्या, घरी 'काय करूलायस' म्हणणाऱ्या पोराचं पुस्तक नेमकं इथंच मिटतं. माझा कौल ठरला तो यामुळे. तरी घेतलंतच, तर आत वहीचा एक कागद ठेवा: डावीकडे मराठे, उजवीकडे अब्दालीकडचे, सूरजमल मधे, कारण तो सोडून जातो. खाली यमुनेची रेघ, पश्चिमेला दिल्ली-पानिपत, पूर्वेला दोआब.

'स्वामी'त माधवराव पेशवे, त्यांची बायको रमाबाई आणि चुलते राघोबादादा एवढी तिघं धरली की पुस्तक हातातून सुटत नाही. पानिपतात विश्वासराव आणि भाऊ गेले, पाठोपाठ जून १७६१ मध्ये नानासाहेब, आणि सोळा वर्षांच्या माधवरावांवर गादी आली. एवढी पार्श्वभूमी पुरते. उणिवाही आहेत. संवाद दरबारी, घोटलेले. जो तो तोलूनमापून बोलतो. कर्जाचा, वसुलाचा हिशेब शोधणाऱ्याचं समाधान होणार नाही. थेऊरला रमाबाईंचं सती जाणं ज्या भक्तिभावाने रंगवलंय, ते आज खटकतं, आणि खटकावंही. तरीही चुलत्या-पुतण्याचा वाद भाऊबंदकी पाहिलेल्या कुठल्याही घराला समजावून सांगावा लागत नाही. त्यात लेखक कोवाडचे, म्हणजे चंदगडकडचे, आपल्या शेजारचेच.

मुलांसाठी घेत असाल तर 'स्वामी'च घ्या. 'पानिपत' मे महिन्याच्या सुट्टीत, सलग वाचायला ठेवा.