पेशी वाचवणाऱ्या गोळ्या आणि अण्णांच्या तळहाताचा आकडा

अँटिऑक्सिडंट एन्झाइमच्या, म्हणजे पेशींचं नुकसान रोखणाऱ्या प्रथिनांच्या, गोळ्या विकणारा माणूस फारसं खोटं बोलत नाही, ही यातली खरी अडचण आहे. आमच्याकडे जो आला त्याची बहुतेक वाक्यं मी नंतर एकेक करून पडताळली आणि ती बरोबर निघाली. पेशी ऊर्जा तयार करतात तेव्हा सुपरऑक्साइडसारखे फ्री रॅडिकल, म्हणजे पेशींना इजा करू शकणारे अस्थिर रेणू, तयार होतात, खरं आहे. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, म्हणजे एसओडी, हे एन्झाइम सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं आणि कॅटलेज व ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही दुसरी एन्झाइम त्याची पुढची विल्हेवाट लावतात, हेही खरं. मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच या शास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये एसओडीचं हे काम दाखवून दिलं, ती नावंसुद्धा त्याला पाठ होती. सिगारेटच्या धुराने ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे या रेणूंचा पेशींवरचा मारा, वाढतो, हे तर कुठलाही डॉक्टर सांगेल. लबाडी होती ती दोन वाक्यांच्या मधल्या जागेत. एन्झाइम पेशीत काम करतं. एन्झाइम या गोळीत आहे. गोळी गिळली की ते पेशीत पोचतं, हे मात्र तो कधीच बोलला नाही. ते ऐकणारा आपल्या मनाने जोडून घेतो.

अण्णा, म्हणजे माझे वडील, वर्षानुवर्षं सिगारेट ओढत आलेले. त्या सुमारास सोडायचं त्यांनी जवळपास ठरवलं होतं. हा माणूस त्यांच्या ओळखीतला, त्यामुळे बोलणं घरगुती. "अण्णा, सिगारेट सुटेल तेव्हा सुटेल. तोवर पेशींना निदान संरक्षण तरी द्या." सोडण्याची टाळाटाळ करायला एवढं पुरेसं होतं. पैशांपेक्षा मला याचाच राग जास्त आहे.

त्याने दोन प्रयोग दाखवले. पहिल्यात पाण्यात आयोडीनचे थेंब टाकले, पाणी तपकिरी झालं, "ही तुमची गंजलेली पेशी." मग कॅप्सूल फोडून भुकटी टाकली आणि पाणी क्षणात स्वच्छ. बघणाऱ्यावर याचा परिणाम होतोच. पण यात एन्झाइमचा काही संबंध नाही. क जीवनसत्त्व आयोडीनचं आयोडाइड करतं, आयोडाइडला रंग नसतो, एवढंच. क जीवनसत्त्वाची कुठलीही साधी गोळी चुरून टाका, पाणी तसंच निवळेल. आणि कॅप्सूलच्या डबीवर मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, क जीवनसत्त्व लिहिलेलं होतंच.

दुसरा प्रयोग जास्त हुशारीचा. एका यंत्रावर तळहात ठेवायचा, निळसर प्रकाश पडतो आणि पडद्यावर आकडा येतो: हा तुमचा अँटिऑक्सिडंट स्कोअर. अण्णांचा कमी आला. गोळ्या चालू केल्यावर पुढच्या वेळी वाढला, त्यानंतर आणखी. घरात सगळे खूश. मग आम्ही शंका तरी कशी घेणार? आकडा डोळ्यांसमोर होता.

तसलं यंत्र मोजतं ते त्वचेतली कॅरोटिनॉइड, म्हणजे बीटा कॅरोटीनच्या जातीची पिवळी-नारिंगी रंगद्रव्यं. एसओडी नाही, कॅटलेज नाही, पेशींचं नुकसान तर नाहीच. आणि त्या गोळ्यांत बीटा कॅरोटीन होतं. जे पोटात घालायचं तेच तळहातावर मोजायचं आणि वाढलं की गोळी लागू पडली म्हणायचं. विद्यार्थ्याच्या हातात उत्तरपत्रिका देऊन त्याला पहिला नंबर द्यावा, तसा हा प्रकार.

एन्झाइमचं काय होतं ते मी आमच्या डॉक्टरांकडून समजून घेतलं. एसओडी हे प्रथिन आहे, रेणुभार सुमारे ३२,००० डाल्टन (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक). कॅटलेज त्याहून कितीतरी मोठं, सुमारे २,४०,०००. पोटात गेल्यावर त्यांचं तेच होतं जे कुठल्याही प्रथिनाचं होतं: आम्ल आणि पेप्सिन, पुढे लहान आतड्यात ट्रिप्सिन ही पाचक एन्झाइम त्यांचे तुकडे करतात, आणि शेवटी उरतात अमिनो आम्लं. हे मी विक्रेत्याला विचारलं तर उत्तर तयार होतं. "ताई, आमच्या गोळीला आवरण आहे, ती पोटात विरघळतच नाही." बरं, पोटातून सुटली, आतड्याच्या भिंतीतून एवढा मोठा रेणू अखंड पलीकडे कसा जातो? रक्तात गेला असं धरलं तरी पेशीच्या आत कसा शिरतो? प्राण्यांवरच्या प्रयोगांत थेट शिरेतून दिलेलं साधं एसओडीसुद्धा मूत्रपिंडं काही मिनिटांत रक्तातून काढून टाकतात. उंदरांना एसओडी खाऊ घालून त्यांच्या ऊतींमधलं प्रमाण वाढत नाही, हे तर १९८३ मध्येच छापून आलं आहे.

यावर तो म्हणाला, "मग लॅक्टेजच्या गोळ्या कशा चालतात?" प्रश्न चांगला आहे, म्हणून सांगते. लॅक्टेजचं काम आतड्यातच असतं, दुधातली साखर तिथेच तोडायची असते. त्याला रक्तात किंवा पेशीत जायचंच नसतं. डबीवर जे हजारो 'युनिट' छापलेले असतात तेही परीक्षानळीत मोजलेले. गिळल्यानंतर त्यातले किती उरतात, ते त्यावर नसतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर नुसते पैसे गेले म्हणून सोडून दिलं असतं. पण डॉक्टरांनी डबी उलटी करून वाचली आणि पहिलं वाक्य हेच बोलले: आजपासून बंद. समोर मोठ्या अक्षरात एन्झाइम, मागे बीटा कॅरोटीन, तेही 'मिश्रण' म्हणून एकत्र वजनात, म्हणजे नेमकं किती ते कळू नये. सिगारेट ओढणाऱ्यांना बीटा कॅरोटीनच्या गोळ्या देऊन पाहिल्याचे मोठे प्रयोग झालेले आहेत. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले: रोज २० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतल्या 'कॅरेट' चाचणीत सोबत अ जीवनसत्त्वही होतं. तिथे तो २८ टक्क्यांनी जास्त निघाला आणि १९९६ मध्ये ती ठरल्या मुदतीच्या २१ महिने आधी थांबवली. ज्या माणसाला "तुम्हाला तर याची सर्वांत जास्त गरज" असं सांगितलं गेलं, त्यालाच ही गोळी टाळायला सांगायला हवं होतं.

मधल्या काळात अण्णांचं पोट बिघडायचं. त्यावर निरोप यायचा की शरीर साफ होतंय, उलट डोस वाढवा. तुमच्या घरात कुणी हे वाक्य ऐकलं तर त्याच दिवशी डबी डॉक्टरांकडे न्या. कर्करोगाची केमोथेरपी किंवा रेडिएशन चालू असेल तर विचारल्याशिवाय अशी एकही गोळी देऊ नका. रेडिएशनचा आणि काही केमो औषधांचा बराचसा भर ऑक्सिडेटिव्ह माऱ्यावरच असतो.

पैशांचं असं झालं की पहिली डबी 'फक्त पाठवणीच्या खर्चात' आली होती. त्यासाठी दिलेल्या कार्डावरून दर महिन्याला रक्कम कापली जाऊ लागली. ती अट मान्यतेच्या चौकोनाखाली दडलेली होती. रद्द करायचं तर फक्त फोनवर, आणि फोनवर दरवेळी नवी सवलत. फोडलेली डबी परत नाही, आणि न फोडता आतलं पत्रक वाचता येत नाही. शेवटी बँकेला लेखी कळवून कार्डावरची ती परवानगी काढून घेतली आणि कार्डही बदललं, तेव्हा कपात थांबली. न फोडलेल्या डब्यांचे पैसे बऱ्याच तगाद्यानंतर मिळाले, बाकीचे बुडाले. अण्णा आता धूम्रपान सोडण्याच्या उपचारासाठी जातात, अधूनमधून चुकवतात, आणि यंत्रावरचा आपला शेवटचा आकडा अजूनही पाहुण्यांना सांगतात.