जुलैत कुणी ‘ताजे चिलगोजे’ विकत असेल तर घेऊ नका

गेल्या जुलैत आम्ही हिमाचलमधल्या किन्नौरला गेलो होतो. रेकाँग पिओच्या अलीकडे, सतलजच्या काठाने जाताना एका विक्रेत्याने गाडीला हात केला. पुढ्यात गोणपाटावर चिलगोज्यांचा, म्हणजे तिथल्या एका पाइनच्या झाडाच्या खाण्याच्या बियांचा ढीग, तपकिरी आणि चकचकीत. “यंदाचा माल, कालच जंगलातून उतरवलाय,” म्हणाला आणि दोन सोलून हातावर ठेवले. गोड, खोबऱ्यासारखे. आम्ही लगेच किलोभर घेतले, दीड हजार मोजून. पिशवी मात्र त्याने ढिगातून न भरता मागची, आधीच शिवलेली दिली. तेव्हाच हटकायला हवं होतं.

संध्याकाळी कल्पा गावात ज्यांच्याकडे उतरलो त्या आजींनी एक चिलगोजा दाताखाली फोडला आणि थुंकला. मग मला अंगणाबाहेर नेऊन झाड दाखवलं. खोडाची साल पोपडे निघून ठिकठिकाणी राखाडी, हिरवट, आणि वर बिया पोटात धरणारे शंकू घट्ट मिटलेले, हिरवेगार. “बेटा, हे सप्टेंबर-ऑक्टोबरात पिकतात. आत्ता ताजे आणणार कुठून?” शंकू धरल्यापासून बी तयार व्हायला दुसरं वर्ष उजाडतं, हेही त्यांनीच सांगितलं. माणसं झाडावर चढून शंकू उतरवतात, वाळवून उघडतात, मग बी झोडपून काढतात. इतकी मेहनत असते म्हणूनच तिथे लग्नात आणि पाहुण्यांच्या गळ्यात चिलगोज्यांच्या माळा घालतात. त्या माणसाने फसवलं ते मला एकटीला नाही, झाडावर चढणाऱ्यांनाही, याचा मला जास्त राग आहे.

तरी मन मानेना. घरी आल्यावर त्यातले बरे वाटले ते निवडले, सोलले, वाटून खिरीत घातले. दोन लिटर दुधाची खीर पहिल्याच चमच्याला खवट लागली आणि सगळी ओतून द्यावी लागली. चिलगोज्याच्या गरात जवळजवळ निम्मं तेलच असतं. जुना झाला, उबेत राहिला की ते खवटतं, आणि मग भाजूनही वास जात नाही. टरफलं पुसली तर कपड्याला तेलाचा डाग पडला. ती चकाकी वरून चोळलेल्या तेलाची होती.

आता मी घेते तो ऑक्टोबरनंतरच, आणि पिशवी उघडून तळातले पाच-सहा समोर फोडायला लावते. चांगला गर पांढरट, भरलेला आणि गोडसर असतो. पिवळा, सुरकुतलेला किंवा जुन्या तेलाच्या वासाचा निघाला तर पुढे भावच विचारत नाही. टरफल हलकं आणि आत पोकळ असे दोन-तीन निघाले तरी पिशवी परत करते, कारण पैसे वजनावर जातात. सोललेला गर तर घेतच नाही, तो टरफलातल्यापेक्षा लवकर खवटतो. घरी आणले की हवाबंद डब्यात घालून थेट फ्रिजमध्ये, आणि खायच्या वेळी टरफलासकट तव्यावर मंद आचेवर जरासे परतते.