नवोदित संगीतकारांसाठीची संस्था: ईपी बाहेर येईपर्यंतचा अनुभव

स्वतःच गाणी करून स्वतःच प्रसिद्ध करणाऱ्यांना मदत करणाऱ्या एका ना-नफा संस्थेची मी सदस्य आहे. आमचा ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांचा छोटा अल्बम, त्यांच्या आधाराने बाहेर आला, त्याला आता बरेच महिने झाले. सदस्य व्हावं का, असं अनेक जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पैशांचं. अनुदान मिळतं, पण हप्त्याहप्त्याने, आणि मागच्या खर्चाची बिलं दिल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. स्टुडिओवाला मात्र तारीख धरून ठेवत नाही. त्यामुळे निव्वळ अनुदानाच्या भरवशावर रेकॉर्डिंग ठरवू नका. मदत कमी आणि उशिरा येते, हे आधीच माहीत असलेलं बरं. तरीही मी ही संस्था सुचवते, कारण करारात मास्टरचा, म्हणजे गाण्याच्या मूळ ध्वनिमुद्रणाचा, हक्क पूर्णपणे आमच्याकडे राहतो. आगाऊ रक्कम देऊन मास्टर स्वतःकडे ठेवणाऱ्या लेबलच्या (संगीत कंपनीच्या) करारात ती रक्कम वसूल होईपर्यंत कलाकाराच्या हाती फारसं काही पडत नाही. इथे परत काही द्यायचं नसतं.

सगळ्यात मोलाचं ठरलं ते हक्कांचं सत्र. रचना आणि तिचं ध्वनिमुद्रण या दोन वेगळ्या मालमत्ता आहेत, त्यांची रॉयल्टी वेगवेगळ्या वाटांनी येते, हे तिथे नीट कळलं. मार्गदर्शक ताईंनी आमचं गाणं लावलं आणि दर काही ओळींनी थांबवून एकच प्रश्न विचारला: ‘हे कुणाचं?’ मुखडा माझा, शब्द गिटारवादकाचे, इथवर सोपं होतं. मग दुसऱ्या अंतऱ्याआधीची ती चार सुरांची ओळ आली, गाणं ऐकून लोक गुणगुणतात ती. ती आमच्या ड्रमरने रियाजात सहज म्हणून दाखवली होती. खोलीत सगळे गप्प. त्याने स्वतःहून काही मागितलं नसतं. ताईंनी स्प्लिट शीटवर, म्हणजे रचनेत कुणाचा किती वाटा हे लिहायच्या कागदावर, त्याचं नाव लिहिलं, टक्के आम्हाला ठरवायला लावले आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. गाणं चालायला लागल्यावर हीच चर्चा झाली असती तर बँड टिकला असता का, याची मला खात्री नाही.

तांत्रिक बाजूही चोख. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकांचा ओळख-कोड असतो. गाणं प्लॅटफॉर्मवर पोहोचवणारा वितरक बदलताना तोच पुढे न्यायचा, नाहीतर आधीचे प्ले नव्या नोंदीला जोडले न जाण्याची भीती असते. प्रदर्शनाची तारीख त्यांनी आम्हाला मुद्दाम पुढे ढकलायला लावली. स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट करणाऱ्या संपादकांकडे गाणं पाठवायचं तर ते प्रदर्शित झालेलं नसावं, आणि किमान ७ दिवस आधी गेलेलं बरं. मास्टरिंगला, म्हणजे गाण्याच्या आवाजावरचा शेवटचा हात फिरवताना, मी ‘अजून मोठा आवाज’ मागत होते. प्लॅटफॉर्म साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा लागतो याचं माप) आसपास सगळ्यांना एका पातळीवर आणतो, मग दाबून दाबून मोठं केलेलं गाणं उलट सपाट लागतं, हे इंजिनिअरने दोन्ही आवृत्त्या शेजारी लावून ऐकवलं. तालवाद्याची थाप जिथे मोकळी वाजते तीच आवृत्ती आम्ही ठेवली.

उत्पन्नाबद्दल खोटी आशा दाखवत नाहीत, याचं मला फार कौतुक आहे. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम झाल्याशिवाय त्या गाण्याची ध्वनिमुद्रणाची रॉयल्टीच मिळत नाही, हे पहिल्याच भेटीत सांगितलं.

आता उणिवा. प्रसिद्धीचं सत्र अगदीच वरवरचं, तेवढं इंटरनेटवर सहज मिळतं. कार्यक्रमांसाठीची निवड गाणाऱ्या बँडकडे झुकते. निव्वळ वाद्यसंगीत करणाऱ्या, चांगल्या तयारीच्या सदस्यांना मी महिनोन्महिने ताटकळताना पाहिलंय, आणि हे मला पटत नाही. निवडीचे निकष लेखी जाहीर करा, असं मी त्यांना कळवलंय, उत्तराची वाट बघतेय. मार्गदर्शक स्वयंसेवक असल्याने मध्येच बदलतात, आणि नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

अर्ज करणार असाल तर डेमो फोनवर रेकॉर्ड केलेला असला तरी चालतो, तो ऐकतात. सोबत शब्द आणि कुणी काय वाजवलं, काय सुचवलं याची यादी जोडा. आमच्या मुलाखतीतला बराचसा वेळ त्या यादीवरच गेला.