शाळेची डायरी बरी की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप?
डायरीत बाई दोनच ओळी लिहितात, आपण सही करायची, पण त्या ओळी फक्त आपल्याच पोराबद्दल असतात. पोरगं डायरी वर्गात विसरलं की मात्र संपलं, निरोप दुसऱ्या दिवशी कळणार. ग्रुपवर तसं नाही, शाळा लवकर सुटतेय, बसला उशीर होतोय, मिनिटात सगळ्यांना कळतं. फक्त त्याखाली 40 जणांचं ‘ओके मॅडम’ आणि जोडलेले हात, मूळ मेसेज कुठल्या कुठे वर जातो (फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल अशी सेटिंग असते हो, पण लावायची कुणी!). शिवाय आपला नंबर सगळ्यांना दिसतो ते वेगळंच. आणि पोर वर्गात कुणाशी भांडलं, का रडलं, हे काय सगळ्यांसमोर लिहायचं? त्याला आपली डायरीच.