बीएमडब्ल्यू एम२: बेळगावचे रस्ते, चेन्नईचा ट्रॅक आणि वापरानंतरचा अनुभव

एम२ म्हणजे बीएमडब्ल्यूची छोटी, वेगवान कार. तिचा विषय निघाला की बोलणं पिकअपवरच येऊन थांबतं. ४६० हॉर्सपॉवर, शून्य ते शंभर ४.१ सेकंदांत वगैरे. बेळगाव-निपाणी-खानापूर पट्ट्यात गाडी वापरणाऱ्याला त्या आकड्यांचा उपयोग आठवड्यातून चार सेकंद होतो. बाकी सगळा वेळ गाडीचा स्वभाव दोन गोष्टी ठरवतात: १७०० किलोंच्या वरचं वजन आणि ते वळणात पेलणारे पुढचे २७५ मिमी रुंदीचे टायर. रस्ता असो की ट्रॅक, बरंवाईट जे काही होतं ते या दोघांच्या हिशोबातून होतं.

हा अनुभव २०२३ साली भारतात आलेल्या जी८७ पिढीच्या ऑटोमॅटिक गाडीचा आहे. तीन लिटर, सहा सिलिंडर, दोन टर्बो, ५५० एनएम टॉर्क (चाक फिरवणारा जोर), मागच्या चाकांना ताकद. २०२४मध्ये आलेल्या सुधारित गाडीला ४८० हॉर्सपॉवर आणि ऑटोमॅटिकमध्ये ६०० एनएम आहेत. पण सांगाडा आणि टायरचं माप तेच, त्यामुळे पुढचं सगळं तिलाही लागू.

आधी रस्ता. सस्पेन्शनला कम्फर्ट, स्पोर्ट आणि स्पोर्ट प्लस असे तीन टप्पे आहेत. आपल्याकडे पहिलाच वापरावा, आणि तोही आरामासाठी नव्हे, पकडीसाठी. डांबर उंचसखल असलं की कडक डॅम्पर (शॉक ॲब्सॉर्बर) चाकाला खाली येऊ देत नाही. टायर क्षणभर हलका होतो, त्या क्षणी पायाखाली ५५० एनएम असतात आणि स्क्रीनवर ट्रॅक्शनचा, म्हणजे चाक घसरतंय हे सांगणारा, दिवा लुकलुकायला लागतो. लोकांना वाटतं गाडी फार ताकदवान आहे. ताकद तेवढीच असते, चाक जमिनीवर नसतं. कंकुंबीच्या पुढे चोर्ला घाटात, पॅच मारलेल्या वळणावर हाच फरक सरळ दिसतो: स्पोर्ट प्लसमध्ये गाडी वळणाच्या मधोमध एक-दोन इंच बाहेर उडी मारते, कम्फर्टमध्ये तीच रेघ धरून जाते. म्हणून स्टेअरिंगवरच्या एम१ बटणावर इंजिन स्पोर्ट, सस्पेन्शन कम्फर्ट, स्टेअरिंग कम्फर्ट, गिअरबॉक्स दुसऱ्या टप्प्यावर आणि डीएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) पूर्ण चालू एवढं कायमचं ठेवून द्यावं. स्टेअरिंगचा स्पोर्ट मोड फक्त जड करतो, जास्त काही कळवत नाही. खरं सांगायचं तर या गाडीत रस्त्याची बातमी हातापेक्षा सीटमधून जास्त येते.

पुढचे टायर इतके रुंद असण्याची किंमत महामार्गावर मोजावी लागते. राष्ट्रीय महामार्ग ४८वर तवंदी आणि वंटमुरी घाटांच्या चढाला भरलेले ट्रक रांगत जातात आणि त्यांच्या चाकांनी डांबरात चाकोऱ्या पडतात. गाडी त्या चाकोरीच्या कडेवर आली की स्टेअरिंग स्वतःहून ओढतं. घट्ट धरून भांडत बसलं की गाडी जास्त नागमोडी जाते. पकड सैल ठेवावी, थोडं ओढू द्यावं, आणि लेन बदलताना चाकोरी तिरकी न ओलांडता ठाम कोनात ओलांडावी. अलाइनमेंट बिघडल्याचा संशय इथूनच सुरू होतो आणि लोक विनाकारण तीन-तीनदा अलाइनमेंट करून येतात. गुळगुळीत, नव्या पट्ट्यावर गाडी सरळ जात असेल तर अलाइनमेंट ठीक आहे, विषय संपला.

गावातले हंप हा वेगळा मामला. पुढचं बंपर वाचवायला सगळे तिरके घेतात, ते बरोबरच. पण पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २७४७ मिमी असल्यामुळे उंच, टोकदार हंपला पोटच टेकतं. पहिल्यांदा जातात ती खालच्या प्लॅस्टिक झाकणाची क्लिपं. एक क्लिप सुटली की झाकण वाऱ्याने फडफडतं आणि ताशी ८०च्या पुढे खालून सूक्ष्म थरथर येते, बेअरिंग गेल्यासारखी. रॅम्पवर चढवून आधी क्लिपं मोजावीत, मग बेअरिंगचा विचार करावा. चौघं बसून, डिकी भरून जांबोटीकडून जायचं असेल तर पोट टेकणार हे गृहीतच धरा.

उसाच्या हंगामात आणखी एक गोष्ट पाहायची. कारखान्याच्या वाटेवर दोन-दोन ट्रेलर लावलेले ट्रॅक्टर असतात, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, त्यामुळे अंधारात वेग आपोआपच कमी असावा. पण त्यांच्यावरून उडणारं पाचट पुढच्या जाळीतून आत जातं ते फारसं कुणी बघत नाही. या इंजिनात टर्बोची गरम हवा पाण्याने थंड होते आणि त्या पाण्याचा रेडिएटर पुढेच आहे. त्याच्यावर पाचट आणि धूळ बसली की दुपारच्या उन्हात सलग दाबल्यावर गाडी थोडी मंदावते. हंगाम संपला की जाळीतून बॅटरी मारून बघावं, हाताने निघेल तेवढं काढावं, कमी दाबाचं पाणी मारावं. प्रेशर वॉशर जवळून मारला की रेडिएटरच्या बारीक पापण्या वाकतात आणि दुखणं कायमचं होतं.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात: मागचे टायर २८५ मिमी रुंद आहेत, साचलेल्या पाण्यावर ते तरंगतात. खोबण ४ मिमीच्या खाली गेली असेल तर जून ते सप्टेंबर खानापूरच्या पलीकडे ही गाडी नेण्यात शहाणपण नाही. कायद्याची मर्यादा १.६ मिमी आहे, पण ती मर्यादा कंकुंबीचा पाऊस बघून ठरवलेली नाही.

आता हवेचा दाब. यावर जरा सविस्तर, कारण रस्ता आणि ट्रॅक दोन्हीकडे निम्मी हँडलिंग इथेच आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर. गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतो. गाडी गोव्याला किंवा चेन्नईला उतरली की बाहेरचा दाब वाढतो आणि तेवढ्यानेच गेजवर १.२ पीएसआयच्या आसपास कमी दिसतं. उलट दर १० अंश तापमानाला सुमारे दीड पीएसआय वाढतं. बेळगावच्या पहाटे १८ अंशांत भरलेली हवा चेन्नईच्या ३३ अंशांत थंड टायरला साधारण एक-सव्वा पीएसआय जास्त दिसेल. म्हणून घरून ‘ट्रॅकचा दाब’ सेट करून निघण्यात अर्थ नाही. प्रवासाला दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे भरा, ट्रॅकवर पोहोचल्यावर टायर हाताला गार लागेपर्यंत थांबा, मग सेट करा. गेज स्वतःचा न्या. पंपावरच्या दोन गेजमध्ये सहज दोन-तीन पीएसआयचा फरक निघतो.

ट्रॅक म्हणजे आपल्यासाठी मुख्यतः चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा रेसट्रॅक. बेळगावच्या दारातून जाणारा हाच महामार्ग ४८ चेन्नईच्या अलीकडे त्याच्या जवळून जातो. अंतर सुमारे ८०० किमी, लॅप ३.७१७ किमीची. कोइंबतूरचा कारी स्पीडवे २.१ किमीचा आहे. तिथे दोन ब्रेकिंगमध्ये ब्रेकला वारा लागायला वेळच मिळत नाही, त्यामुळे एवढ्या वजनाच्या गाडीला तो मानवत नाही. तिथे हलकी गाडी न्यावी. आणि वळणाची रेघच शिकायची असेल तर कोल्हापूरजवळच्या मोहिते यांच्या कार्टिंग ट्रॅकवर कार्ट चालवणं सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी.

मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस टायरला थंडीत २९-३० पीएसआयने सुरुवात करून गरम झाल्यावर ३५-३६ मिळतील असं बघावं. प्रत्येक सेशननंतर गाडी पिटमध्ये आल्या आल्या, टायर निवायच्या आत मोजून जादा हवा सोडायची. टायरच्या खांद्यावर, म्हणजे खोबण संपून बाजूची भिंत सुरू होते तिथे, खडूची आडवी रेघ मारावी. तीन लॅपनंतर खडू भिंतीपर्यंत पुसला गेला असेल तर दाब कमी आहे, टायर दुमडतोय. खांद्याच्या अलीकडेच थांबला असेल तर दाब जास्त. उजवीकडे फिरणाऱ्या ट्रॅकवर पुढच्या डाव्या टायरचा बाहेरचा खांदा आधी जातो. पुढचा १९ इंची आणि मागचा २० इंची असल्यामुळे पुढे-मागे अदलाबदल शक्य नाही. डावा-उजवा मात्र करता येतो, कारण या टायरला फिरण्याची ठरावीक दिशा नाही. रिमवरून काढून उलटं बसवायचीही गरज नाही, चाकंच बदलायची. परतीच्या प्रवासाआधी हवा पुन्हा स्टिकरप्रमाणे भरा. हे विसरून ३० पीएसआयवर हायवेला लागलं की खड्ड्यात रिम वाकलाच म्हणून समजा.

वळणात शिरताना गाडी काय मागते ते नीट समजून घ्यावं. ब्रेक दाबला की वजन पुढे येतं आणि पुढचे टायर रस्त्यात रुततात. तो ब्रेक वळायच्या आधी एकदम सोडला की नाक वर उठतं, पकड जाते आणि गाडी बाहेरच्या कडेकडे सरकत जाते. मग लोक स्टेअरिंग आणखी वळवतात, टायर आणखी घासतो, आणि ‘गाडी अंडरस्टिअर करते’, म्हणजे हवी तेवढी वळत नाही, असा शेरा बसतो. करायचं ते असं: ब्रेक सरळीतच जोरात सुरू करा, आणि स्टेअरिंग जसजसं वळेल तसतसा पाय हळूहळू उचला. वळणाच्या आतल्या टोकाला पोहोचेपर्यंत ब्रेकवर थोडा भार राहू द्या. असं केलं की एवढी जड गाडी आश्चर्य वाटावं इतकी चटकन आत वळते. बाहेर पडताना उलटं. स्टेअरिंग सरळ होईल तेवढाच ॲक्सिलरेटर. संथ वळणाला दुसऱ्या गिअरचा मोह होतो, पण तिसरा लावावा. टॉर्क २६५० आरपीएमपासूनच पूर्ण मिळतो, त्यामुळे वेग फारसा जात नाही आणि मागचं चाक उगीच फिरत नाही.

डीएससी सुरुवातीला एमडीएम मोडमध्येच, म्हणजे थोडं घसरू देणाऱ्या मधल्या टप्प्यावर. पूर्ण बंद केल्यावर ट्रॅक्शनचे १० टप्पे हाती येतात, १० म्हणजे सगळ्यांत जास्त आवर. सातच्या खाली उतरायची घाई नको. डॅम्पर ट्रॅकवर स्पोर्टलाच ठेवा, स्पोर्ट प्लसमध्ये कर्बवरून (ट्रॅकच्या उंच कडेवरून) गेल्यावर गाडी बसायला वेळ घेते.

खरी मर्यादा ब्रेकची. पुढे ३८० मिमीच्या डिस्क आणि सहा पिस्टनचे कॅलिपर आहेत, कमी काही नाही. पण १७०० किलोंची ऊर्जा शेवटी त्या लोखंडातच जाते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ओतकाम करणाऱ्याला ग्रे आयर्न (डिस्कचं ओतीव लोखंड) वारंवार तापून निवल्यावर काय होतं ते सांगायला नको. पृष्ठभागावर केसासारख्या भेगा येतात, आणि डिस्कला भोकं असली की भेगा तिथूनच सुरू होतात. भेग भोकापासून डिस्कच्या कडेपर्यंत पोहोचली की डिस्क बाद. नखाने जाणवते की नाही हे प्रत्येक सेशननंतर, डिस्क गार झाल्यावर, बघावं.

इथे एक गोष्ट जुन्या गाड्यांवर शिकलेल्यांना चकवते. जुन्या गाडीत फ्लुइड उकळलं की पेडल खाली जायचं आणि पायाला कळायचं. या गाडीत पेडल आणि कॅलिपर यांच्यामध्ये विजेवर चालणारी यंत्रणा आहे, पेडलचा कडकपणा कृत्रिम आहे. त्यामुळे पायाच्या जाणिवेवर विसंबू नका, थांबण्याचं अंतर मोजा. ट्रॅकवर अंतराच्या पाट्या असतात. १०० मीटरच्या पाटीला ब्रेक लावून नेहमीच्या जागी गाडी येत नसेल, तर तीच लॅप शेवटची. तीन-चार जोराच्या लॅप, मग एक पूर्ण लॅप ब्रेक न वापरता, हे गणित मोडू नये. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक लावू नका, गरम पॅड डिस्कला चिकटतो. चाकाला लाकडी ठोकळा लावा आणि इंजिन दोन मिनिटं चालू ठेवा.

ब्रेक फ्लुइड पाणी शोषतं, आणि आपल्याकडचा पावसाळा त्याला भरपूर पाणी देतो. डीओटी ४ दर्जाची किमान अट नव्या फ्लुइडला २३० अंशांची आणि ओलावा शोषलेल्याला फक्त १५५ अंशांची आहे. म्हणजे दिवाळीनंतर ट्रॅकला जाणार असाल तर त्याआधीच बदला, पावसाच्या आधी नव्हे. ३०० अंशांच्या वरचं ट्रॅक फ्लुइड मिळतं, ते घालावं. पॅड निम्मे झालेले असतील तर जाऊच नका, कारण परतीचे ८०० किमी त्याच पॅडवर यायचं आहे. चाकांचे बोल्ट १४० एनएमला, आणि पहिल्या सेशननंतर पुन्हा एकदा टॉर्क रेंच.

नवी गाडी असेल तर पहिले २००० किमी ५५०० आरपीएम आणि ताशी १७०च्या वर नाही. त्यानंतर इंजिन आणि मागच्या डिफरन्शिअलचं तेल बदलल्याशिवाय ट्रॅकचा विचार नको. सर्व्हिसला गोवा, पुणे किंवा बंगळूर गाठावं लागतं, ते घेण्याआधीच हिशोबात धरा. स्टेपनी नाही. पंक्चर किट खिळ्याला चालतं, टायरची बाजूची भिंत फाटली तर चालत नाही, आणि चोर्ल्यात मोबाइलला रेंज नसते. टोइंगला पूर्ण सपाट गाडीच मागवा, मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढायला देऊ नका.

पेट्रोल हायवेला शंभरच्या चालीत लिटरला १० किमीच्या आसपास, ट्रॅकवर तीनही मिळालं तर बरं. टाकी ५२ लिटरची आहे, म्हणजे ट्रॅकच्या दिवशी दुपारी एकदा पंपावर जावंच लागतं. आणि विम्याचा कागद आधी वाचा: आपल्याकडच्या मोटार पॉलिसीत आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. भिंतीला लागलेलं बंपर स्वतःच्या खिशातून.