केल्विन की रँकिन: निरपेक्ष तापमानाची कोणती मोजपट्टी धरावी?

गोव्यात उष्मागतिकी शिकू लागलेल्या विद्यार्थ्याच्या हाती एखादे जुने अमेरिकी पुस्तक पडले, की त्यात त्याला रँकिन अंश भेटतात आणि वर्गात शिकवलेल्या केल्विनशी त्यांची सांगड कशी घालावी, हे कळत नाही. दोन्ही मोजपट्ट्या निरपेक्ष शून्यापासूनच, म्हणजे ज्याहून खाली तापमान जाऊच शकत नाही त्या बिंदूपासून, सुरू होतात; फरक फक्त पायरीच्या उंचीचा आहे. केल्विनची पायरी सेल्सिअसएवढी आणि रँकिनची फॅरनहाइटएवढी, म्हणून मे महिन्यात पणजीत ३३ अंश सेल्सिअस तापमान असेल, तर ते ३०६.१५ केल्विन किंवा ५५१.०७ अंश रँकिन होते.

समजा, बॉयलरमधील वाफ २०० अंश सेल्सिअसला आहे आणि इंजिन याच ३३ अंशांच्या हवेत उष्णता सोडते. कार्नो इंजिनाची, म्हणजे कोणताही अपव्यय नसलेल्या कल्पित उष्णता इंजिनाची, आदर्श कार्यक्षमता काढताना ३०६.१५ ला ४७३.१५ ने भागून भागाकार १ मधून वजा केला, तर सुमारे ३५ टक्के हे उत्तर मिळते, ५५१.०७ आणि ८५१.६७ घेतले तरी तेच, कारण १.८ हा गुणक वर-खाली कटून जातो. सेल्सिअसचे आकडे तसेच घातले, तर मात्र साडेत्र्याऐंशी टक्के येतात आणि ते साफ चूक आहे. विद्यार्थ्यांनी हे उदाहरण एकदा स्वतःच्या हाताने सोडवावे, असे मला मनापासून वाटते.

या मोजपट्ट्यांना ज्यांची नावे मिळाली, ते दोघे ग्लासगो विद्यापीठात सहकारी होते. बेलफास्टला जन्मलेल्या विल्यम थॉमसन यांनी १८४८ मध्ये निरपेक्ष मोजपट्टीची कल्पना मांडली, तेव्हा ते केल्विन नव्हते. विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या नदीचे ते नाव त्यांना १८९२ मध्ये उमरावपदासोबत मिळाले. एडिंबरोचे विल्यम रँकिन हे अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते आणि त्यांची मोजपट्टी १८५९ ची आहे.

निवड करायची झाल्यास केल्विनच घ्यावे. ते आंतरराष्ट्रीय पद्धतीतील मूळ एकक आहे आणि २०१९ पासून त्याची व्याख्या बोल्ट्झमन स्थिरांकाच्या (तापमान आणि कणांची ऊर्जा यांना जोडणाऱ्या आकड्याच्या) ठरावीक मूल्यावर उभी आहे. मोल आणि केल्विनमागे ८.३१४ ज्यूल हा वायू स्थिरांक (वायूचा दाब, आकारमान आणि तापमान यांना जोडणारा आकडा) रँकिन तापमानासोबत वापरला, तर उत्तर १.८ पट फुगते. सगळे तक्ते फूट-पौंडात असतील, तेव्हाच फॅरनहाइटमध्ये ४५९.६७ मिळवून रँकिनमध्ये काम करावे, स्थिरांकही त्याच पद्धतीतला घ्यावा आणि शेवटी तापमान १.८ ने भागून केल्विनमध्ये लिहावे.