दस्तयेवस्कीची स्वप्नं आणि सेंट पीटर्सबर्गच्या गल्ल्या: एका वॉकिंग टूरचा रिव्ह्यू

सेंट पीटर्सबर्गमध्ये रशियन कादंबरीकार दस्तयेवस्कीच्या नावाने ज्या वॉकिंग टूर्स चालतात त्यातल्या बऱ्याचशा त्याच्या क्राइम अँड पनिशमेंट कादंबरीतल्या खुनाच्या मागावर जातात. म्हणजे हे बघा कादंबरीचा नायक रास्कोलनिकोवचं घर, इथून तो कोटाच्या आत कुऱ्हाड अडकवून निघाला, इथून 730 पावलं, आणि ही गहाणवट करणाऱ्या म्हातारीची बिल्डिंग, फोटो काढा, चला पुढे. मी केलेली टूर त्याच गल्ल्यांमधून जाते पण तिचा विषय आहे त्याच्या पुस्तकांतली स्वप्नं, आणि त्या एका गोष्टीमुळे सगळा अनुभवच बदलतो. टूर घेणारी कंपनी छोटी आहे, नाव देत नाहीये कारण जाहिरातही करायची नाही आणि ज्या गोष्टी खटकल्या त्याही मोकळेपणाने लिहायच्यात. एकंदर मत आधीच सांगते, जरूर करा, पण थोडं वाचून जा.

सुरुवात सेन्नाया चौकात होते. आता तिथे मेट्रोची गर्दी, दुकानं, ट्रॅफिक, पण एकोणिसाव्या शतकात हा गवताचा बाजार होता आणि आजूबाजूला दारूचे गुत्ते, भाड्याच्या खोल्या, कर्जबाजारी लोक. आमच्या गाइडने इथे उभं राहून घोडीचं स्वप्न सांगितलं. ज्यांनी क्राइम अँड पनिशमेंट वाचलंय त्यांना ते विसरणं शक्य नाही, रास्कोलनिकोव पेत्रोव्स्की बेटावर झुडपात झोपतो आणि त्याला दिसतं की तो साताठ वर्षांचा आहे, वडिलांचा हात धरून चाललाय, गुत्त्यासमोर मिकोल्का नावाचा माणूस एका मरतुकड्या घोडीला अख्खी गाडीभर माणसं ओढायला लावतो, ती ओढू शकत नाही म्हणून आधी चाबूक, मग लाकडी दांडका आणि शेवटी लोखंडी पहार, आणि तो लहान मुलगा धावत जाऊन मेलेल्या घोडीच्या रक्ताळलेल्या तोंडाचे मुके घेतो. जागा झाल्यावर तो घामाने भिजलेला असतो आणि स्वतःलाच विचारतो की मी खरंच कुऱ्हाड उचलणार आहे का, कुणाच्या डोक्यात घालणार आहे का. तिथे तो खुनाचा विचार सोडूनही देतो! देवाला म्हणतो की मला वाट दाखव. आणि मग घरी जाताना काही कारण नसताना वाट वाकडी करून याच सेन्नायावरून जातो, इथे त्याच्या कानावर पडतं की उद्या सात वाजता म्हातारी घरी एकटी असणार आहे, आणि संपलं सगळं.

हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण स्वप्नात मिळालेली सुटका आणि ती गमावण्याची जागा यात इतकं कमी अंतर आहे हे त्या चौकात उभं राहिल्याशिवाय माझ्या ध्यानात आलं नव्हतं. गाइडने याला जोडून एक खरी घटना सांगितली, ती दस्तयेवस्कीने स्वतः 1876 मध्ये त्याच्या डायरी ऑफ अ रायटरमध्ये लिहिलीय. 1837 मध्ये पंधरा वर्षांचा असताना तो वडील आणि मोठा भाऊ मिखाइल यांच्याबरोबर मॉस्कोहून पीटर्सबर्गला शिकायला येत होता, वाटेत त्याने बघितलं की एक सरकारी निरोप्या गाडीवानाच्या मानेवर बुक्के मारतोय आणि गाडीवान तोच मार चाबकाने घोड्यांवर काढतोय. जवळजवळ तीस वर्षांनी ते घोडीच्या स्वप्नातून बाहेर आलं. इतकी वर्षं एखादी गोष्ट माणसाच्या आत कशी राहत असेल असं वाटतं.

इथली एक मोठी तक्रार म्हणजे आवाज. ग्रुप पंधराएक जणांचा आणि हेडसेट दिलेले नाहीत, मागे उभं राहिलात तर अर्धं ऐकू येत नाही. इतका नाजूक भाग ट्रॅफिकच्या कडेला उभं राहून सांगण्यापेक्षा बाजूच्या गल्लीत नेऊन सांगता आला असता. गाइडच्या अगदी जवळ राहा एवढंच सुचवेन.

तिथून काझनाचेयस्काया रस्ता, आणि टूरचा मला सगळ्यात आवडलेला भाग हाच, कारण इतर टूरवाले इथे फक्त पाटी दाखवतात. इथल्या 7 नंबरच्या घरात दस्तयेवस्की 1864 ते 1867 राहिला. 1864 हे त्याच्यासाठी भयंकर वर्ष होतं, एप्रिलमध्ये पहिली बायको मारिया गेली, जुलैमध्ये भाऊ मिखाइल गेला, भावाच्या कुटुंबाचा भार आणि दोघा भावांच्या मासिकाचं कर्ज सगळं याच्या अंगावर. पैशांसाठी त्याने स्तेल्लोव्स्की नावाच्या प्रकाशकाशी करार केला, त्यात अट अशी की 1 नोव्हेंबर 1866 पर्यंत नवी कादंबरी दिली नाही तर पुढची 9 वर्षं तो जे लिहील ते प्रकाशकाला फुकट छापता येईल. ऑक्टोबर आला तरी एक ओळ लिहिलेली नव्हती. मग एक वीस वर्षांची स्टेनोग्राफर मुलगी आली, आन्ना स्नित्किना, आणि 26 दिवसांत द गॅम्बलर पूर्ण झाली.

आता स्वप्नाचा भाग. आन्नाने तिच्या आठवणींत लिहिलंय की नोव्हेंबरमध्ये एकदा ती आली तेव्हा तो खूप खुशीत होता, त्याने सांगितलं की मला एक छान स्वप्न पडलं, माझी रोझवूडची पेटी आहे ना, ज्यात मी कागदपत्रं ठेवतो, ती मी आवरत होतो आणि कागदांमध्ये काहीतरी चमकत होतं, बघितलं तर एक छोटासा पण लखलखणारा हिरा. ती पेटी त्याला सायबेरियातल्या मित्राने, चोकान वलिखानोवने दिलेली. त्याचा स्वप्नांवर विश्वास होता, वडील किंवा भाऊ मिखाइल स्वप्नात आले की काहीतरी वाईट होणार असं तो धरून चालायचा. हिऱ्याचं पुढे काय झालं असं आन्नाने विचारलं तर ते त्याला आठवत नव्हतं. आणि त्याच दिवशी एका कल्पित कादंबरीचं कथानक सांगता सांगता त्याने तिला लग्नाचं विचारलं, म्हणजे एक वय झालेला, आजारी, कर्जात बुडालेला कलाकार आहे आणि एक तरुण मुलगी आहे, ती याच्यावर प्रेम करू शकेल का, तुम्ही स्वतःला तिच्या जागी ठेवून बघा. ती हो म्हणाली. फेब्रुवारी 1867 मध्ये लग्न झालं, आणि पुढची चौदा वर्षं तिनेच त्याचे हिशेब, करार, प्रकाशन सगळं सांभाळलं. त्याच्या पुस्तकांत स्वप्न म्हटलं की रक्त, ताप, घाम असं डोक्यात बसलेल्या माणसाने हा प्रसंग मुद्दाम लक्षात ठेवावा, स्वप्नातली आनंदाची बातमी त्याच्या आयुष्यात खरी ठरली होती. गाइडने हे इतकं हळुवार आणि न घाईने सांगितलं की ग्रुपमधलं कुणी मोबाइल काढला नाही.

पुढे स्तोल्यार्नी गल्लीच्या कोपऱ्यावर रास्कोलनिकोवचं म्हणून दाखवतात ते घर, भिंतीवर लेखकाचं शिल्प आहे. आत जाता येत नाही, दरवाजाला कोड असतो, लोक राहतात तिथे, तर उगाच बेल वाजवू नका. इथे बाकीची स्वप्नं भराभर उरकली आणि ते मला पटलं नाही. खुनानंतर रास्कोलनिकोवला पडणारं स्वप्न, ज्यात तो म्हातारीच्या डोक्यावर घाव घालत राहतो आणि ती खाली वाकून आवाज न करता हसत असते, ते पुस्तकातलं सगळ्यात भीतीदायक पान आहे, त्याला दोन वाक्यं मिळाली. सायबेरियातल्या तुरुंगात त्याला पडलेल्या शेवटच्या स्वप्नाला, ज्यात सूक्ष्म जंतू माणसांच्या अंगात शिरतात आणि प्रत्येकाला वाटायला लागतं की सत्य फक्त मलाच कळलंय आणि त्यापायी सगळे एकमेकांना मारत सुटतात, त्यालाही तेवढंच. खरं तर रास्कोलनिकोवचं डोकं सगळ्या कादंबरीभर हिशेब मांडत असतं, एक निरुपयोगी म्हातारी विरुद्ध हजार भली कामं वगैरे, आणि त्या हिशेबाला उत्तर कुणी वादात देतच नाही, उत्तर मिळतं ते झोपेत. हा मुद्दा त्या घरासमोर सांगायला हवा होता, त्याऐवजी जिन्याच्या पायऱ्यांबद्दल बोलण्यात वेळ गेला.

मग कालव्याच्या कडेने परत येऊन स्पास्काया स्टेशनवरून मेट्रो घेतात, एकच स्टेशन, उतरायचं ते स्टेशनच दस्तयेवस्काया. तिथून दोन मिनिटांवर कुझ्नेच्नी गल्लीतलं म्युझियम, हे 1971 पासून आहे. लेखक याच घरात ऑक्टोबर 1878 पासून शेवटपर्यंत राहिला, तारुण्यात 1846 मध्येही थोडे दिवस याच बिल्डिंगमध्ये होता. 1878 च्याच मे महिन्यात दस्तयेवस्की आणि आन्नाचा धाकटा मुलगा अल्योशा, तीन वर्षांचाही नव्हता, फिट येऊन गेला, आणि फिट्सचा आजार दस्तयेवस्कीला स्वतःला. जुन्या घरात राहवेना म्हणून ते इथे आले आणि इथे त्याने द ब्रदर्स कारामाझोव्ह लिहिली.

अभ्यासिका बघण्यासारखी आहे. टेबल, मेणबत्त्या, सोफ्याच्या वर राफाएलच्या सिस्टिन मॅडोनाचा मोठा फोटो आणि मृत्यूच्या वेळेवर थांबलेलं घड्याळ. तो रात्री लिहायचा, कडक चहा आणि सिगारेटी. त्या कादंबरीतल्या थोरल्या भावाचं, मित्याचं स्वप्न याच खोलीत लिहिलं गेलं. मित्याला बापाच्या खुनाच्या आरोपाखाली पकडलंय, चौकशी करून करून थकवलंय, तो एका मोठ्या पेटाऱ्यावर झोपतो आणि स्वप्नात बघतो की आगीत जळून गेलेल्या गावातून तो चाललाय, हाडकुळ्या बायका ओळीने उभ्या आहेत, एकीच्या हातात मूल रडतंय, आणि तो गाडीवानाला परत परत विचारतो की हे मूल का रडतंय, या लोकांकडे काहीच का नाही, यांना कुणी खायला का देत नाही. जागा होतो तर झोपेत कुणीतरी त्याच्या डोक्याखाली उशी ठेवलेली असते. कुणी ठेवली ते कळत नाही, पण त्या उशीने त्याला रडू येतं. नुकतंच स्वतःचं मूल गमावलेल्या बापाने हे लिहिलंय हे त्या खोलीत उभं राहून ऐकताना माझ्या घशात आवंढा आला. पुढे मुलांच्या खोलीत खेळणी आहेत, ती बघताना तर अजूनच.

इथे गाइडने द ड्रीम ऑफ अ रिडिक्युलस मॅन सांगितली, 1877 ची गोष्ट. आत्महत्या ठरवून बसलेला माणूस रस्त्यात मदत मागणाऱ्या छोट्या मुलीला हाकलून देतो, घरी येऊन पिस्तुलासमोर बसतो आणि तिच्या विचारात खुर्चीतच झोप लागते. स्वप्नात स्वतःला गोळी घालतो, पुरला जातो, शवपेटीत बंद डाव्या डोळ्यावर वरून पाणी ठिबकत राहतं, मग कुणीतरी त्याला दुसऱ्या पृथ्वीवर नेतं जिथे माणसं निष्पाप आहेत, आणि हाच त्यांना बिघडवतो. मला आठवलं की तरुण दस्तयेवस्कीला आपण झोपेत मेल्यासारखे पडू आणि लोक जिवंत पुरतील अशी भीती वाटायची, झोपण्याआधी तो चिठ्ठी लिहून ठेवायचा की मला लगेच पुरू नका. ते डोळ्यावरचं पाणी तिथूनच आलं असावं असं माझं मत, टूरमध्ये हे सांगत नाहीत. गोष्टीच्या शेवटी तो माणूस जागा होतो, सगळ्यांना प्रेमाचं सांगत फिरायचं ठरवतो ते ठीकच, पण मला त्याहून मोठी वाटते ती एक साधी गोष्ट, तो त्या छोट्या मुलीला शोधून काढतो. मित्याची उशी आणि ही मुलगी एका जागी ठेवून बघा. स्वप्न कितीही अफाट असो, जागं झाल्यावर दस्तयेवस्की त्याला एका खऱ्याखुऱ्या माणसाशी आणून जोडतो. हे मला या टूरमुळे दिसलं आणि त्यासाठी मी यांना भरभरून मार्क देते.

म्युझियमला मात्र वेळ फार कमी ठेवलाय. टूर संपल्यावर मी परत आत गेले, तेव्हा कुठे त्याची हॅट आणि सिगारेटची डबी नीट बघता आली, त्या डबीवर त्याच्या मुलीने ल्युबाने बाबा गेल्याची तारीख लिहिलीय, रशियात तेव्हा चालणाऱ्या जुन्या कॅलेंडरची 28 जानेवारी 1881. ती तेव्हा अकरा वर्षांची होती.

अजून एक उणीव. सेम्योनोव्स्की चौक टूरमध्ये नाहीच, आणि तो तर इथून चालत जाण्यासारखा आहे. 22 डिसेंबर 1849 ला पेत्राशेव्स्कीच्या, सरकारला धोकादायक वाटलेल्या चर्चामंडळातल्या लोकांना तिथे गोळ्या घालायला उभं केलं, पहिल्या तिघांना खांबाला बांधलं, दस्तयेवस्की पुढच्या तिघांत होता, आणि ऐनवेळी झारची माफी वाचून दाखवली. मग चार वर्षं ओम्स्कचा तुरुंग, पायात बेड्या. त्याच्या पात्रांची झोप कधी शांत का नसते याचं निम्मं उत्तर त्या चौकात आहे. आता तिथे मुलांचं थिएटर आहे. स्वतःहून जाऊन या, त्याची कबर आहे त्या तिखविन कबरस्तानातही जा.

टूर सगळी मिळून साडेतीन-चार तासांची, चालणं बरंच आहे, बसायला जागा कमी, वयस्कर आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर फक्त म्युझियम करा. उन्हाळ्यात जा, कादंबरीतला उकाडा जुलैचाच आहे आणि व्हाइट नाइट्स या त्याच्या गोष्टीतल्या त्या एकट्या स्वप्नाळू माणसाचं पीटर्सबर्ग कळायलाही तेच दिवस हवेत (सावरिया सिनेमा त्याच गोष्टीवर होता). इंग्रजीचा ग्रुप आधी बुक करावा लागतो. आणि अख्ख्या जाडजूड कादंबऱ्या वाचून जाणं जमत नसेल तर क्राइम अँड पनिशमेंटच्या पहिल्या भागातलं पाचवं प्रकरण, कारामाझोव्हच्या नवव्या पुस्तकातलं आठवं, आणि रिडिक्युलस मॅन, एवढं तरी विमानात वाचा, दोन-तीन तासांत होतं.